लोणारी कोळशाच्या वायूवर एंजिन : वायुजनकाची बांधणी व वापर

लोणारी कोळशापासून जळाऊ वायू तयार करून त्यावर एंजिन चालविता येते, ही गोष्ट नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा आपल्याकडील अनेक प्रवासी मोटारी मागील बाजूस कोळशाचे उभे पिंप बांधून याच वायूवर धावत असत. गाडी निघण्यापूर्वी पंखा फिरवून निखारे फुलवावे लागत. स्वीडन देशात पेट्रोलची आयात जवळजवळ थांबल्यामुळे सत्तर हजारांहून अधिक वाहने लाकडाच्या किंवा कोळशाच्या वायूवर चालत होती. युद्ध संपले, पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि ही यंत्रे अल्पावधीतच अडगळीत पडली. ती काम देत नव्हती असे नव्हे. त्यांची रोजची निगा राखण्याचा लोकांना कंटाळा होता.

तेल महागले की या यंत्राची पुन्हा आठवण होते. गावातील लोहार किंवा वेल्डिंग करणारा कारागीर ते दोन दिवसांत तयार करू शकतो, हे खरे आहे. तथापि ज्या शेतकऱ्याने ते करावयाचे ठरविले असेल, त्याने व त्यास सल्ला देणाऱ्या ग्रामकार्यकर्त्याने तीन बाबी आधी नीट समजून घेतल्या पाहिजेत : कोळसा कसा हवा, वायू किती विषारी आहे, आणि एका हंगामास लाकूड किती लागेल. पिंप व नळ्या जोडण्याचे काम त्या मानाने सोपे आहे.

वायू कसा तयार होतो

कोळसा भरपूर हवेत जळला म्हणजे त्याचा कार्बन डायॉक्साइड वायू होतो आणि सर्व उष्णता तेथेच बाहेर पडते. परंतु बंद पिंपात कोळशाचा जाड थर देऊन त्यात एकाच जागी थोडी हवा सोडली, तर हवेच्या तोंडाशी कोळसा पांढरा होईपर्यंत तापतो. तेथे निर्माण झालेला कार्बन डायॉक्साइड पुढील लालबुंद निखाऱ्यांतून जाताना आणखी कोळसा घेतो व त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. हा वायू जळणारा आहे. हवेतील किंवा कोळशातील थोड्या ओलाव्यापासून याच निखाऱ्यांवर हायड्रोजन तयार होतो. तोही जळणारा आहे. निघालेल्या मिश्रणात स्थूलमानाने शेकडा २५ ते ३० भाग कार्बन मोनॉक्साइड आणि ५ ते १० भाग हायड्रोजन असतो. उरलेला बहुतेक भाग हवेतून आलेला नायट्रोजन असून तो जळत नाही. यामुळे हा वायू हलका पडतो. एका घनमीटरापासून सुमारे १,१०० ते १,२०० किलोकॅलरी उष्णता मिळते. नैसर्गिक वायूच्या मानाने ती सातव्या-आठव्या हिश्श्याइतकीच भरते.

लाकूड सोडून कोळसाच का घ्यावयाचा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. लाकूड तापले की त्यातून डांबरासारखा चिकट पदार्थ वाफेच्या रूपाने निघतो. तो थंड झाल्यावर एंजिनच्या व्हॉल्व्हला व पिस्टनच्या कड्यांना चिकटतो आणि एंजिन जाम होते. लाकूड सरळ वापरून हा पदार्थ यंत्रातच जाळून टाकणारी वायुयंत्रे आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशा यंत्रांवर पुष्कळ काम झाले आहे. परंतु त्यांची मापे काटेकोर असावी लागतात. कोळसा करताना हा चिकट पदार्थ भट्टीतच निघून जातो, म्हणून कोळशाचे यंत्र साधे असले तरी चालते. या सोयीची किंमत मात्र लाकडात मोजावी लागते, हे पुढे दिसून येईल.

कोळसा

वायुजनक नीट चालत नाही अशी तक्रार आली, तर सल्लागाराने प्रथम पिंप न पाहता कोळशाचे पोते उघडून पाहावे. बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो.

कोळसा पूर्ण जळालेला असावा. चांगला कोळसा मोडला असता आत एकसारखा काळा व किंचित चमकदार दिसतो, आणि फरशीवर टाकल्यास खापरासारखा खणखणतो. आत तपकिरी दिसणारा, बोटाने न चुरणारा किंवा पेटविताना धूर देणारा तुकडा म्हणजे अर्धकच्चे लाकूड होय. तो वेगळा काढून स्वयंपाकाच्या चुलीत घालावा. एंजिनासाठी असे तुकडे अजिबात वापरू नयेत. टोपलीभर कोळशात अशी चार-पाच खांडे राहिली, तरी आठवड्याभरात व्हॉल्व्ह चिकटू लागतात.

दुसरी गोष्ट आकाराची. लहान यंत्रास हरभऱ्यापासून सुपारीपर्यंतच्या आकाराचे तुकडे योग्य. मोठे तुकडे राहिले तर त्यांच्यामधील पोकळीतून हवा न जळता निसटते. बारीक चुरा राहिला तर वाट बंद होते व एंजिनला वायू ओढता येत नाही. यास्तव कोळसा फोडून दोन चाळण्यांतून काढावा. वरच्या चाळणीवर राहिलेले मोठे तुकडे पुन्हा फोडावेत, आणि खालच्या चाळणीतून पडलेली भुकटी शेणखताच्या उकिरड्यात मिसळावी. या कामात सुमारे पाचवा हिस्सा भुकटी होते, हे हिशेबात धरावे. फोडताना उडणारी काळी धूळ छातीस अपायकारक असल्याने नाकातोंडाला फडके बांधून, वाऱ्याकडे पाठ करून बसावे.

तिसरी गोष्ट कोरडेपणाची. कोळसा हवेतील ओल शोषून घेतो, आणि पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला कोळसा पाहता पाहता जड होतो. थोडा ओलावा उपयोगाचा असला तरी शेकडा दहापेक्षा जास्त ओल झाल्यास निखाऱ्यांची उष्णता उतरते व वायू पेट घेत नाही. साठवण कोरड्या जागी झाकणाच्या पिंपात करावी. भट्टीतून नुकताच काढलेला कोळसा मात्र लगेच पोत्यात भरू नये. थंड दिसणारा ताजा कोळसा ढिगात आपोआप तापून पेटल्याची उदाहरणे आहेत. तो एक दिवस व एक रात्र उघड्यावर पातळ पसरून ठेवावा, मगच घराजवळ आणावा.

लाकडाच्या जातीचे फारसे बंधन नाही. बाभळीचा कोळसा टणक व उत्तम असतो. पडीक जमिनीत, तळ्याकाठी व नाल्यात माजलेली वेडी बाभूळ या कामास विशेष योग्य आहे. ती तोडली तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते आणि ती काढून टाकण्याचीच शेतकऱ्यास गरज असते. पऱ्हाट्या व तुराट्या यांचाही कोळसा होतो, परंतु तो ठिसूळ असल्याने त्यात भुकटी फार निघते. इतर झाडे तोडण्यापूर्वी महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा १९६४ चा कायदा लागू आहे हे विसरू नये, आणि लाकूड वा कोळसा गावाबाहेर नेण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी.

वायुजनकाची बांधणी

पाच अश्वशक्तीपर्यंतच्या एंजिनाला सुमारे ६० लिटरचे जाड पत्र्याचे पिंप पुरते. त्यात १२ ते १५ किलो चाळलेला कोळसा मावतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये, कारण तापल्यावर त्यातून अपायकारक धूर निघतो. ज्या पिंपात पूर्वी कीटकनाशक होते ते या कामास घेऊच नये. तेलाचे रिकामे पिंप घेतल्यास ते प्रथम सोड्याच्या गरम पाण्याने धुवावे, आणि कापताना किंवा वेल्डिंग करताना पाण्याने जवळजवळ भरलेले ठेवावे. आतील तेलाच्या वाफेचा स्फोट होऊन कारागीर दगावल्याच्या घटना सर्वत्र घडलेल्या आहेत.

पिंपाच्या तळापासून सुमारे एक वीत उंचीवर एका बाजूने हवेची नळी आत घालावी. तिचे तोंड पिंपाच्या कडेपासून १० सेंटिमीटर तरी आत असावे. असे केल्याने सर्वाधिक उष्णतेची जागा पत्र्यापासून दूर राहते आणि सभोवतालचा कोळसाच विटेच्या अस्तराचे काम करतो. तोंडाचा आतील व्यास १२ ते १५ मिलिमीटर ठेवावा. हवा वेगाने आत शिरली तरच निखारा पांढरा होतो. भोक मोठे केले तर वायू जास्त मिळेल अशी पुष्कळांची समजूत असते, परंतु त्यामुळे आच पसरते व वायूचा दर्जा उतरतो. समोरच्या बाजूस त्याच उंचीवर वायू बाहेर नेणारी नळी बसवावी. तिच्या आतील टोकाला बारीक छिद्रांची जाड जाळी लावावी. हवेचे तोंड आणि ही जाळी यांच्यामध्ये निदान एक वीत निखारे राहिले पाहिजेत, कारण वायू बनण्याचे काम त्याच वितीत होते.

हवेच्या नळीचे तोंड हा या यंत्राचा झिजणारा भाग होय. तेथील उष्णता १,२०० अंशांच्या वर जाते व साधी नळी थोड्याच दिवसांत वितळून आखूड होते. याला उपाय दोन आहेत. नळीचे टोक जाड भिंतीचे घ्यावे व ते आट्यांनी बसवावे, म्हणजे बदलता येते. किंवा हवेबरोबर थोडे पाणी थेंबथेंब सोडावे, अथवा एंजिनच्या धुराड्यातील धुराचा थोडासा भाग तिकडे वळवावा. पाण्यामुळे टोक थंड राहते आणि वायूत हायड्रोजनही वाढतो. पाणी जास्त झाले की मात्र आच विझू लागते. एंजिन दमल्यासारखे वाटल्यास प्रथम पाणी बंद करून पाहावे.

झाकण घट्ट बसले पाहिजे. एंजिन चालू असता ते पिंपातून वायू ओढते. फटीतून हवा आत शिरली तर वायू आतल्या आतच जळतो. एंजिन थांबल्यावर याच्या उलट, आतील वायू त्याच फटीतून बाहेर येतो. झाकण पेचाने आवळण्यापेक्षा ताणलेल्या स्प्रिंगने दाबून धरावे. आत भडका झाला तर झाकण क्षणभर उचलले जाऊन दाब निघून जातो व पिंप फुटत नाही.

पिंपातून निघणारा वायू तापलेला व राखेने भरलेला असतो. तो प्रथम एका उभ्या डब्यात कडेने फिरवून सोडावा, म्हणजे जड राख खाली बसते. नंतर तो चार-पाच मीटर लांबीच्या लोखंडी नळीतून नेऊन थंड करावा. नळीला उतार देऊन खालच्या टोकाला पाणी काढण्याची तोटी ठेवावी. वायू हातास लागेनासा थंड झाला की गाळणीत न्यावा. दुसऱ्या पिंपात नारळाचा काथ्या दाबून भरून त्यावर जाड कापडाचे दोन थर ताणले की कामापुरती गाळणी होते. एंजिनच्या अगदी जवळ नळीच्या जोडात पांढऱ्या कापडाचा एक शेवटचा तुकडा जाळीवर ताणून ठेवण्याची सवय फार चांगली. दहा तास चालल्यावर, यंत्र थंड करून, तो काढून पाहावा. तो पांढरा असेल तर गाळणी ठीक आहे, राखाडी झाला तर काथ्या बदलावा, आणि तपकिरी व चिकट झाला तर दोष कच्च्या कोळशाचा समजावा. राख सिलिंडरमध्ये गेली तर ती कानशीसारखी घासते. वाचविलेल्या तेलाचे पैसे मग सिलिंडर घासून घेण्यात जातात.

एंजिनशी जोडणी

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनात कार्ब्युरेटरच्या मागे तिहेरी जोड बसवून एका बाजूने वायू व दुसऱ्या बाजूने हवा घेता येते. दोहोंना स्वतंत्र झडपा असाव्यात. वायू व हवा यांचे प्रमाण साधारणपणे एकास एक ते सव्वा पडते, आणि एंजिनचा आवाज ऐकून ते नेमके जुळविण्याचे काम सवयीने जमते. हा वायू सावकाश जळत असल्याने ठिणगी पेट्रोलपेक्षा १० ते १५ अंश आधी पडावी लागते. इतके केल्यावरही शक्ती शेकडा ४० ते ५० ने कमी होते. पाच अश्वशक्तीचे एंजिन तीन अश्वशक्तीचे झाले असे समजून पंप निवडावा.

डिझेल एंजिन केवळ वायूवर चालत नाही, कारण त्यात ठिणगी नसते आणि दाबाने हा वायू पेट घेत नाही. तेथे वायू आत घेतल्या जाणाऱ्या हवेत मिसळतात व पेट घेण्यापुरते थोडे डिझेल चालूच ठेवतात. वायू मिळू लागताच एंजिन वेग घेऊ लागते आणि गव्हर्नर आपोआप डिझेल कमी करतो. शेतकऱ्यास त्यासाठी काही करावे लागत नाही. चांगली निगा राखल्यास डिझेलची शेकडा ६० ते ७० बचत होते. वायू मध्येच बिघडला तरी एंजिन डिझेलवर चालू राहते व पाणी बंद पडत नाही, हा मोठाच फायदा आहे. एंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले तर वायू ताबडतोब कमी करावा.

चालू करणे व बंद करणे

पिंप भरल्यावर हवेच्या नळीतून जळता काकडा आत धरावा आणि वायू ओढून घेणारा लहान पंखा गाळणीच्या पुढे बसवून चालू करावा. मागून हवा ढकलणारा भाता वापरल्यास प्रत्येक जोडातून वायू बाहेर येतो, म्हणून तो टाळावा. तीन ते पाच मिनिटांनी पंख्याच्या उंच नळीच्या तोंडाशी पेटता काकडा धरून पाहावा. ज्योत फिकट निळी, स्थिर व आपोआप टिकणारी झाली म्हणजे वायू तयार झाला. मग पंखा बंद करून तो एंजिनकडे वळवावा.

चालत्या यंत्राचे झाकण उघडू नये. हवा आत शिरताच भडका उडतो व तोंड आणि हात भाजतात. कोळसा भरावयाचा असल्यास एंजिन थांबवून काही वेळ जाऊ द्यावा आणि झाकण उघडताना चेहरा दूर ठेवावा. काम संपताना डिझेल एंजिन पाच मिनिटे केवळ डिझेलवर चालवावे. नंतर हवेची नळी बुचाने बंद करावी, म्हणजे निखारे विझतात व उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतो. राख व झालेली भुकटी दर चार-पाच दिवसांनी, यंत्र पूर्ण थंड असताना काढावी.

विषारी वायूपासून सावधगिरी

ज्या कार्बन मोनॉक्साइडमुळे एंजिन चालते तोच माणसाचा जीव घेतो. त्याला रंग नाही व वासही नाही. तो रक्ताला चिकटतो आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. श्वासाच्या हवेत तो शेकडा एक भाग असला तरी माणूस काही मिनिटांत मरतो, आणि वायुजनकाच्या नळीत तो शेकडा पंचवीस भागांहून अधिक असतो. थोड्या प्रमाणात प्रथम डोके दुखते, मळमळते व पायांतील बळ जाते. माणसाला धोका कळतो तेव्हा त्याला उठून बाहेर जाणे जमत नाही.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पाणी खोल गेल्यामुळे एंजिन विहिरीच्या आतील टप्प्यावर किंवा खड्ड्यात बसविलेले असते. अशा जागी वायुजनक कधीही जोडू नये. विहिरीतील हवा हलत नाही, आणि वर चढून येण्याआधीच माणूस खाली पडतो. त्याला काढण्यास उतरणारा दुसराही पडतो. बंद इंजिनघर, गोठा व घराला लागून असलेली पडवी यांनाही हाच नियम लागू आहे. यंत्र उघड्यावर, फार तर चारी बाजू मोकळ्या असलेल्या छपराखाली, वस्तीपासून व झोपण्याच्या जागेपासून दूर असावे. एंजिन बंद केल्यानंतरही निखारे कित्येक तास वायू सोडीत राहतात. म्हणून राखणीला आलेल्या माणसाने थंडीच्या रात्री उबेसाठी त्याच्याजवळ झोपू नये. ही गोष्ट प्रत्येक घरातील मुलांनाही सांगून ठेवावी.

कोणी चक्कर येऊन पडल्यास त्यास प्रथम मोकळ्या हवेत न्यावे, निजवून ठेवावे, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आला तरी त्यास दवाखान्यात नेऊन प्राणवायू देवविणे आवश्यक आहे. विहिरीत वा खड्ड्यात पडलेल्यास काढण्यास कमरेला दोर बांधल्याखेरीज व वर माणसे असल्याखेरीज कोणीही उतरू नये.

लाकडाचा हिशेब

पाच अश्वशक्तीचे डिझेल एंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे एक लिटर डिझेल घेते. दिवसाला पाच तास पाणी दिले तर वायुजनकामुळे साडेतीन लिटरपर्यंत बचत होईल. एक लिटर डिझेलच्या जागी दोन ते अडीच किलो चाळलेला कोळसा लागतो, म्हणजे दिवसाला सुमारे आठ किलो. भुकटी धरून दहा किलो. मातीच्या साध्या भट्टीत एक किलो कोळशाला पाच-सहा किलो वाळलेले लाकूड जाते. म्हणजे रोज ५० ते ६० किलो आणि साठ दिवसांच्या पाण्याला तीन ते साडेतीन टन लाकूड खर्ची पडेल, आणि वाचेल ते सुमारे दोनशे लिटर डिझेल. हे आकडे अंदाजाचे आहेत, परंतु प्रत्यक्षात ते याहून फारसे चांगले येत नाहीत.

शेतात वेडी बाभूळ माजली असेल व ती काढावयाचीच असेल, तर हे लाकूड फुकट आहे. विकत घ्यावे लागत असेल किंवा बांधावरची झाडे तोडावी लागत असतील, तर हा व्यवहार तोट्याचा आहे. कोळसा घरचा असला तरी बाजारभाव पाहावा. अडीच किलो कोळशाची किंमत व तो फोडण्या-चाळण्याची मजुरी मिळून एक लिटर डिझेलपेक्षा जास्त होत असेल, तर कोळसा विकून डिझेल घेणे शहाणपणाचे. जेथे वीज पोचली आहे, किंवा २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेसारख्या योजनेतून सौर पंप मिळण्यासारखा आहे, तेथे वायुजनकाचा विचार करण्याचे कारण नाही.

हा हिशेब न केल्याने काय होते ते फिलिपीन्स देशात दिसून आले. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे सरकारी उत्तेजनाने सिंचनाच्या पंपांना कोळशाची शेकडो वायुयंत्रे बसविण्यात आली. दशक संपण्यापूर्वीच त्यांतील बहुतेक बंद पडली. कोळसा तयार करण्याचे व गाळण्या धुण्याचे काम रोज कोणी करावयाचे हे ठरलेले नव्हते, चालविणाऱ्यांचे शिक्षण अपुरे होते, आणि १९८६ साली जगात तेलाचे भाव उतरताच शेतकरी पुन्हा डिझेलकडे वळले. भारतातही त्याच दशकाच्या उत्तरार्धात अनुदानावर दिलेल्या पाच अश्वशक्तीच्या पंपांच्या वायुयंत्रांपैकी पुष्कळ न वापरता पडून राहिली. अनुदानामुळे स्वस्त मिळालेले एंजिन शेतकऱ्याने ठेवून घेतले व वायुयंत्र बाजूला काढले.

यास्तव ग्रामकार्यकर्त्याने पिंप कापण्यास सांगण्यापूर्वी शेतकऱ्याकडून एकच भट्टी लावून घ्यावी. लाकूड वजन करून घालावे, निघालेला कोळसा फोडून, चाळून पुन्हा वजन करावा, आणि या सर्वाला किती माणसांचे किती दिवस लागले ते वहीत लिहावे. शंभर किलो चाळलेला कोळसा हाती येईपर्यंत घरातील माणसे कंटाळली नाहीत, तर दहा-बारा दिवसांच्या पाण्याची सोय झालेली असेल व यंत्र करण्यास हरकत नाही. त्या वहीतच पुढे एंजिनचे तास, लागलेला कोळसा, लागलेले डिझेल व गाळणीचे कापड बदलल्याची तारीख रोज नोंदवीत जावे.